चुलवाण, चिपाड आणि छातीतले जीवाणू : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

धुरात आणि धुळीत राबणाऱ्यांच्या छातीतले जीवाणू तपासायच्या आमच्या प्रकल्पाला नैतिकता समितीची मंजुरी आज हातात आली. समितीने दोन बदल सुचवले होते, दोन्ही रास्त. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये वेगवेगळ्या कागदांवर हवं, पाठपोट छापलेलं नको. ज्याला जे वाचता येतं ते त्याने घ्यावं. आणि अंगठा उठवणाऱ्या माणसाजवळ आमच्यापैकी नसलेला, वाचता येणारा साक्षीदार बसवायचा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहेच, पण गावात साक्षीदार आयत्या वेळी मिळत नाही. गावातल्या आशा सेविकांना आधी फोन करून ठेवायचा, हे काम माझ्याकडे.

लॅबमध्ये दोन विद्यार्थी नवे आले आहेत. त्यांच्यासाठी प्रकल्पाची पार्श्वभूमी इथेच लिहून ठेवते. निरोगी फुप्फुस निर्जंतुक असतं, असं आमच्या आधीच्या पिढीने पाठ केलं होतं. २००७ साली अमेरिकेत माणसाच्या अंगावरच्या आणि अंगातल्या सूक्ष्मजीवांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात तोंड, नाक, त्वचा, आतडं, योनीमार्ग एवढं घेतलं. फुप्फुस घेतलंच नाही. मग २०१० मध्ये लंडनच्या संशोधकांनी श्वासनलिकांचे नमुने तपासून दाखवलं की निरोगी माणसाच्या छातीतही जीवाणूंची वस्ती असते आणि दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या आवळल्या जाण्याचा आजार) असलेल्यांत ती वेगळी दिसते. निरोगी लोकांत प्रिव्होटेलासारखे जीवाणू जास्त, आजाऱ्यांत हिमोफिलसच्या गटातले जास्त. तिथून हे क्षेत्र उघडलं.

त्या अभ्यासांतले बहुतेक लोक सिगारेट ओढणारे किंवा कधीकाळी ओढलेले. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागात खोकणाऱ्यांच्या रांगेत निम्म्या बायका दिसतात आणि त्यांनी आयुष्यात विडी ओठाला लावलेली नसते. त्यांच्या छातीत काय चाललंय, हे विचारायला आम्ही निघालोय.

प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमनी एक नियम आजच फळ्यावर लिहिला: ज्याची थुंकी घेऊ, त्याला त्याच्या उपयोगाचं काहीतरी महिन्याच्या आत परत द्यायचं. जनुकांचे निकाल यायला वेळ लागतो, फुंकणीच्या चाचणीला, म्हणजे छातीतून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजायला, लागत नाही.

२६ नोव्हेंबर

दिवसभर कोऱ्या नळ्यांचं, म्हणजे कुणाचाही नमुना न घातलेल्या नळ्यांचं काम. नव्या मुलांना हे कंटाळवाणं वाटलं, म्हणून कारण लिहिते. आतड्याच्या नमुन्यात जीवाणू इतके असतात की बाहेरून थोडी भर पडली तरी चित्र बदलत नाही. फुप्फुसाचं तसं नाही. तिथे जीवाणू मुळात थोडे. डीएनए वेगळा करायच्या किटमध्ये, पाण्यात, नळीच्या प्लॅस्टिकवर मेलेल्या जीवाणूंचा जो डीएनए असतो, तोच नमुन्यापेक्षा मोठ्याने बोलू लागतो. २०१४ मध्ये एका ब्रिटिश गटाने हे स्वच्छ दाखवून दिलं: नमुना पातळ करत गेलं की शेवटी किटमधले जीवाणूच उरतात.

म्हणून आमच्याकडे नेब्युलायझरच्या (द्रवाची वाफ करून छातीत देणाऱ्या यंत्राच्या) वाटीतून फिरवलेलं मिठाचं पाणी, रिकामी उघडून बंद केलेली डबी आणि नुसत्या किटची नळी, या तिन्ही गोष्टी प्रत्येक खेपेला नमुन्यांबरोबरच पुढे जाणार. शिवाय एक बाजारातून घेतलेलं ठरावीक मिश्रण, ज्यात आठ जीवाणू आणि दोन यीस्ट ठरलेल्या प्रमाणात असतात. आमच्या पद्धतीने त्यातले सगळे सापडले नाहीत, तर दोष पद्धतीचा.

खर्च वाढतोय, खरंय. पण कोऱ्या नळ्या वगळून वाचवलेल्या पैशांत जे हाती येईल ते मी कुणाला दाखवणार नाही.

५ डिसेंबर

निपाणीच्या बाजूला गुऱ्हाळावर. मालक ओळखीचे निघाले, त्यामुळे पहिला चहा आणि दुसरा रस होईपर्यंत कामाचं बोलणं निघालं नाही. ते बरंच झालं. तेवढ्या वेळात बसून नीट बघता आलं.

घाण्यातून निघालेलं चिपाड बायका उचलून मोकळ्या रानात पसरतात, दोन दिवस उन्हात वाळवतात आणि मग त्याची गंजी लावतात. रस आटवायच्या काहिलीखालचं चुलवाण याच चिपाडावर पेटतं. जळव्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून मूठमूठ चिपाड आत सारत राहतो, कारण जाळ कमीजास्त झाला की गूळ बिघडतो. गुळव्या काहिलीवर उभा, भेंडीचं पाणी टाकून मळी काढतो. त्याच्या तोंडावर वाफ, खालून धूर. धुराड्याचा धूर वारा पडला की परत छपराखालीच उतरतो. आम्ही धूलिकणांचं यंत्र जळव्याच्या खांद्याच्या उंचीला टांगलं. पीएम २.५, म्हणजे अतिबारीक धूलिकणांसाठी आपल्या देशाची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. चुलवाण पेटल्यावर यंत्राने त्याच्या मोजमापाची वरची टोकाची खूण दाखवली आणि तिथेच राहिलं.

पण आजची खरी नोंद धुराची नाही. जळव्या पस्तिशीतला, विडी नाही, मशेरी नाही. त्याला खोकल्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "धुराचं काय वाटत न्हाई. गंजी उपसली की मगच हुतंय. दुपारी उपसली की दिवस बुडताना अंग मोडून ताप, छाती भरल्यागत. सकाळी परत बरं." मी विचारलं, बरं कधी असतं? "अमावस्येला घाणा बंद असतोय. तवा छाती मोकळी लागतीया बगा."

छातीचे डॉक्टर आमच्याबरोबर होते. त्यांनी वहीतून मान वर काढली आणि त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कामानंतर चार ते आठ तासांनी ताप, खोकला, धाप. काम बंद असलं की आराम. उसाच्या कारखान्यांतून आणि चिपाडापासून कागद-पुठ्ठे करणाऱ्या ठिकाणांहून १९४० च्या दशकापासून हे वर्णन येत आलंय. बॅगॅसोसिस म्हणतात. चिपाड ओलसर राहिलं, दाबून रचलं, की आतून तापतं. त्या उष्णतेत थर्मोअॅक्टिनोमायसिस सॅकराय नावाचा उष्णताप्रेमी जीवाणू फोफावतो. गंजी उपसताना त्याचे बीजाणू धुळीबरोबर छातीत खोलवर जातात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. हा संसर्ग नव्हे. जीवाणू छातीत वाढत नाही, त्याची धूळच पुरते.

गंजी गेल्या हंगामातली. ऑक्टोबरच्या पावसात भिजली होती, मालकांनीच सांगितलं. कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागली. तापमापीचा काटा खुपसला तेव्हा पारा पन्नाशीच्या पुढे गेला. वरचं, मधलं, आतलं असं तीन थरांतलं चिपाड वेगवेगळ्या पिशव्यांत घेतलं. जळव्या रात्री याच गंजीच्या आडोशाला झोपतो, कारण तिथे ऊब असते.

त्याला आज एन ९५ मास्क दिले, उपसायचं काम तूर्त दुसऱ्याकडे द्यायला मालकांना सांगितलं आणि छातीचा एक्स-रे व स्कॅन करायला डॉक्टरांनी बोलावून घेतलं. निकालाची वाट बघायला इथे कारण नाही.

९ डिसेंबर

कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन आजपासून बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये. हायवेवर बंदोबस्त, गाड्या वळवलेल्या. नमुन्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आतल्या रस्त्याने आलो. उणे ८० च्या फ्रीजमध्ये सगळं वेळेत गेलं.

१७ डिसेंबर

खानापूर तालुका, जांबोटीच्या बाजूचं आरोग्य केंद्र. आज फक्त बायका होत्या.

क्रम ठरलेला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी. तिचा निकाल आल्याशिवाय नेब्युलायझर लावायचा नाही, कारण मुद्दाम खोकायला लावलं की थेंब हवेत उडतात आणि पुढच्या बाकावर दुसऱ्या बायका बसलेल्या असतात. मग फुंकणी, म्हणजे स्पायरोमेट्री. मग श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून), पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकणी. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा आणि एकूण बाहेर टाकलेली हवा यांचं गुणोत्तर औषधानंतरही ०.७० च्या खाली असेल, तर श्वासनलिका कायमच्या आवळलेल्या आहेत असं समजायचं. शेवटी मिठाच्या पाण्याची वाफ, आधी ३ टक्के, मग ४, मग ५. श्वास कमी पडला तर तिथेच थांबायचं.

फुंकणीवर कसब लागतं ते आमच्या टेक्निशियनचं. तो प्रत्येकीला उभा राहून स्वतः करून दाखवतो, गाल फुगवून, डोळे वटारून. "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका, सोडू नका मावशी!" सगळ्या बाकावर हशा. मग तीच बाई सहा सेकंद फुंकते. त्याच्याशिवाय आमची अर्धी फुंकणी रद्द झाली असती.

साठीच्या एका मावशींचं गुणोत्तर बरंच खाली आलं. विडी कधी नाही. घरात गॅस आहे, उज्ज्वलाचा. प्रश्नावलीत 'स्वयंपाकाचं इंधन: गॅस' अशी खूण झाली आणि पुढचा प्रश्न येणार, एवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या ताई, त्याच भागातल्या, मध्येच म्हणाल्या, "आणि न्हाणीत?"

मावशी हसल्या. "न्हाणीत गॅस कोण जाळतंय गे पोरी? लाकडंच की."

तिथून पुढे सगळ्यांना विचारलं. बहुतेक घरांत हेच. स्वयंपाक गॅसवर गेला, पण अंघोळीचं पाणी पहाटे न्हाणीघरातल्या चुलीवर. या बाजूला पाऊस चार महिने कोसळतो, लाकूड ओलं असतं. ओलं लाकूड धुमसतं, न्हाणीला खिडकी नसते आणि पेटवायला वाकून फुंकर घालणारी घरातली बाईच. पावसात कपडेही तिथेच दोरीवर वाळतात. आणि रात्री जनावरांच्या गोठ्यात डासांसाठी धूर. यातलं काही आमच्या मूळ प्रश्नावलीत नव्हतं, कारण ती ज्यांच्यावरून घेतली त्यांच्या देशात न्हाणीची चूल नाही. आज रात्रीच तीन प्रश्न वाढवले आणि समितीला दुरुस्ती पाठवली.

दुसरी गोष्ट मशेरीची. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची, सकाळ-दुपार दातांना लावून बसायचं. तव्यावर भाजताना धूर होतोच, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की मशेरीने तोंडातले जीवाणू बदलतात. आणि फुप्फुसातले बरेचसे जीवाणू तोंडातूनच उतरलेले असतात; झोपेत थोडी थोडी लाळ श्वासनलिकेत झिरपते, निरोगी माणसातही. काही तिथे पोचतात, काही खोकून आणि श्वासनलिकेच्या केसाळ पेशींनी वर ढकलून बाहेर पडतात. पोचणं आणि बाहेर पडणं यांच्या तोलावर वस्ती ठरते. आजारात बाहेर पडणं मंदावतं आणि जे आत राहतात ते तिथेच वाढू लागतात. त्यामुळे मशेरी लावणाऱ्या प्रत्येकीचं तोंड धुतलेलं पाणीही वेगळ्या डबीत घ्यायचं ठरलं. त्याशिवाय छातीत सापडलेलं कुठून आलं ते सांगता येणार नाही.

सीओपीडी म्हणजे विडी-सिगारेटचा आजार, हे डोक्यातून जायला हवं. २०१६ सालासाठी देशभराचा जो अंदाज निघाला, त्यात भारतात साधारण साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता आणि त्या आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून जास्त वाटा हवेच्या प्रदूषणाचा धरला होता, तंबाखूचा सुमारे पाव. घरातला धूर त्या प्रदूषणातच येतो. जांबोटीच्या मावशीला आजवर कुणी फुंकणी लावली नव्हती. तिला दरवेळी खोकल्याचं औषध आणि इंजेक्शन मिळत आलं.

आज तिला पंप मिळाला, स्पेसरसह. "पंपाची सवय लागतीया म्हणत्यात" हा प्रश्न आलाच. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की गोळीपेक्षा पंपात औषध किती तरी कमी असतं आणि ते थेट छातीत जातं. रक्तात फार उतरत नाही. चष्म्याची सवय लागते का, असं ताईंनी वर जोडलं. ते मावशींना जास्त पटलं.

३० डिसेंबर

गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविक घेतलं असेल तर नमुना घ्यायचा नाही, असं आमच्या आराखड्यात आहे. विचारलं तर सगळे 'नाही' म्हणतात. आजपासून 'घरातल्या गोळ्यांची पिशवी घेऊन या' असं सांगायला सुरुवात केली. पिशव्या उघडल्या आणि अॅझिथ्रोमायसिनची रिकामी पाकिटं निघाली, तीन-तीन गोळ्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली. लोकांना ती 'तापाची गोळी' किंवा 'खोकल्याची गोळी' म्हणून माहीत. अॅझिथ्रोमायसिन छातीतले जीवाणू बदलतं, हे जगभर दिसलंय. काही निवडक रुग्णांना डॉक्टर ते महिनोन्महिने मुद्दाम देतात, ते वेगळं. इथे दोन दिवस घ्यायचं आणि बरं वाटलं की सोडायचं. त्याने उरतात ते औषधाला न जुमानणारे.

हे नमुने टाकून द्यायचे नाहीत, असं मी बैठकीत धरून बसले. वेगळा गट करून ठेवायचे. या भागातल्या छातीचं खरं चित्र तेच असेल तर ते वगळून आम्ही कुणाचं चित्र काढणार? मॅडमनी मान्य केलं.

१५ जानेवारी २०२५

काल संक्रांत. आज तिळगूळ डेस्कवर आणि चिपाडाच्या प्लेटी ५५ अंशांच्या इन्क्युबेटरमधून बाहेर.

या तापमानाला प्लेटी सुकून पापड होतात, म्हणून ओल्या कापसासह डब्यात ठेवल्या होत्या. माध्यमात नोव्होबायोसिन घातलं होतं. ते बाकीच्यांना दाबतं आणि थर्मोअॅक्टिनोमायसिसला चालतं. वरच्या थराच्या प्लेटी जवळपास कोऱ्या. मधल्या थरात थोडं. आतल्या थराच्या प्लेटीवर पांढुरक्या, पिसासारख्या कडांच्या वसाहती. सूक्ष्मदर्शकाखाली धागे आणि प्रत्येक आखूड देठावर एकेक बीजाणू. धागे पाहून बुरशी वाटते, पण हे जीवाणूच, आणि त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाहीत. म्हणून डीएनए काढताना मण्यांनी खूप वेळ घुसळावं लागणार, नाहीतर सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनए वाचताना, ते दिसणारच नाहीत आणि आम्ही 'नाहीत' असं लिहून मोकळे होऊ.

सगळे प्लेटीभोवती जमले. नव्या मुलांपैकी एकीने विचारलं, म्हणजे सिद्ध झालं? नाही. गंजीत जीवाणू आहे एवढं झालं. जळव्याचा ताप त्यानेच येतो हे त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, स्कॅनवरून आणि काम सोडल्यावर तो किती सुधारतो यावरून ठरणार. स्कॅन आलंय. डॉक्टर म्हणाले, धुरकट डाग आहेत, त्याच्या गोष्टीशी जुळतात.

गुऱ्हाळमालकांना दुपारी फोन केला. शास्त्र दोन वाक्यांत आणि करायचं काय ते नीट: नवं चिपाड कडक वाळल्याशिवाय रचायचं नाही, गंजी लहान आणि वारा खेळेल अशी, वर ताडपत्री, खाली दगड किंवा लाकडं घालून जमिनीपासून उचललेली. भिजलेली जुनी गंजी उपसताना मास्क, वाऱ्याकडे पाठ करून, आणि रात्री तिथे झोपायचं नाही. मोठ्या कारखान्यांत चिपाडावर प्रोपियॉनिक आम्ल फवारतात, पण गुऱ्हाळावर ते जमणार नाही, त्यामुळे तो विषयच काढला नाही. मालक म्हणाले, "ताडपत्री घालतो. झोपायचं त्याला मी सांगितल्यानं ऐकतंय काय? तुमीच या."

२८ जानेवारी

निपाणी, तंबाखूची वखार. माझी आत्या अशाच वखारीत तंबाखू चाळायची. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाबद्दल या गावात अजून बोललं जातं, पण चाळणाऱ्या बायकांच्या छातीबद्दल बोलणं फार कमी.

आत पाय ठेवला की डोळे आणि नाक चुरचुरतात. बायकांच्या तोंडाला पदर गुंडाळलेला; त्यातून बारीक धूळ आत जातेच. त्यांचं म्हणणं, नव्या बाईला पहिले दिवस चक्कर आणि उलटी, मग होत नाही. चक्कर निकोटीनची, ते कातडीतून आणि श्वासातून जातं. पण धूळ बसतच राहते, आणि साठवलेल्या तंबाखूच्या पानावर स्वतःची बुरशी आणि जीवाणू असतात, तेही धुळीतून येतात. म्हणून इथे हवेचा नमुना फिल्टरवर घेतला: बायकांच्या छातीत जे सापडेल ते वखारीच्या हवेत आहे का ते बघायला.

घरी विडी वळणाऱ्या तिघी भेटल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी पानं आणि कातर, आणि कुशीत नातू. नातवाला सारखी सर्दी-खोकला. लहान मुलं आमच्या अभ्यासात नाहीत, पण त्याला आरोग्य केंद्रात पाठवलं आणि न्यूमोकोकलची लस झालीय का ते कार्डावर बघायला सांगितलं. ती लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि आता सगळीकडे फुकट मिळते.

आत्याची फुंकणी मी घेतली नाही. घरची माणसं अभ्यासात घ्यायची नाहीत हा नियम योग्य आहे. तिला शनिवारी डॉक्टरांच्या ओपीडीत घेऊन जाणार.

२१ फेब्रुवारी

पहिल्या तुकडीचा सिक्वेन्सिंग डेटा आला. लॅबमध्ये दिवसभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

१६ एस हे जनुक सगळ्या जीवाणूंत असतं, साधारण दीड हजार अक्षरांचं. त्यातले काही तुकडे सारखे, काही जातीजातीत बदलणारे. बदलणारा तुकडा वाचून कोण कोण आहे ते ओळखतो. आमच्यातला संगणकाची बाजू सांभाळणारा सहकारी धारवाडचा, मराठी आता आमच्याइतकंच बोलतो. त्याने पहिला आलेख पडद्यावर टाकला आणि शेतात राबणाऱ्यांच्या नमुन्यांत ब्रॅडिरायझोबियम दिसलं. मातीतला जीवाणू, शेंगवर्गी पिकांच्या मुळांवर गाठी करणारा. डॉक्टर एकदम उत्साहात आले. शेतकऱ्याच्या छातीत शेतातला जीवाणू! शीर्षकच तयार.

सहकाऱ्याने काही न बोलता दुसरा आलेख लावला, कोऱ्या नळ्यांचा. त्यात तेच ब्रॅडिरायझोबियम आणि सोबत राल्स्टोनिया. ही दोन्ही नावं किटमधल्या भेसळीच्या जुन्या यादीतली, २०१४ पासूनची. ज्या नमुन्यांत एकूण डीएनए कमी, त्यांतच ते जास्त. म्हणजे ते छातीतलं नाही, आमच्या बाटलीतलं.

डॉक्टरांचा मुद्दा असा की मातीत राबणाऱ्याच्या छातीत मातीतलं काहीच जात नसेल का? जात असेल. पण या डेटावरून ते म्हणता येत नाही, आणि म्हणता येत नाही ते लिहायचं नाही. तासभर बोलणं झाल्यावर त्यांनीच ती ओळ खोडली. त्यांनी ती खोडली, याचा मला फार आदर वाटतो.

भेसळ वजा केल्यावर जे उरलं ते कमी आहे आणि जास्त भरवशाचं आहे. जवळपास सगळ्यांत स्ट्रेप्टोकॉकस, प्रिव्होटेला, व्हेइलोनेला, म्हणजे तोंडातून उतरणारी मंडळी. ज्यांची फुंकणी वाईट, त्यांतल्या काहींत हिमोफिलसने जागा व्यापलेली आणि बाकीची विविधता घटलेली. इतरत्र सीओपीडीत जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं, फक्त इथे ते विडी न ओढलेल्या बायकांत दिसतंय. मशेरीवाल्यांचं तोंड आणि छाती शेजारी ठेवून बघायचं राहिलंय. तोंडातले जीवाणू छातीत जास्त उतरले की तिथली दाहाची प्रतिक्रिया वाढलेली दिसते, असं न्यूयॉर्कच्या गटाने २०१६ मध्ये मांडलं होतं. आमच्याकडे ते तपासण्याइतके नमुने अजून नाहीत.

१० मार्च

जांबोटीला अहवाल घेऊन. फुंकणीचे कागद महिन्याच्या आत पोचवले होतेच. आज जीवाणूंबद्दल काय सांगायचं हा प्रश्न होता. बैठकीत ठरलं होतं की एकेकट्या माणसाला जीवाणूंची यादी द्यायची नाही, कारण त्या यादीवरून कुठलाही डॉक्टर आज उपचार ठरवू शकत नाही. हातात यादी दिली की माणूस ती घेऊन औषध दुकानात जाणार आणि तिथून पुन्हा अॅझिथ्रोमायसिन.

मावशी दारातच म्हणाल्या, "माझ्या छातीत कसले किडे निघाले ते सांग बघू."

मी सांगितलं ते असं: सगळ्यांच्याच छातीत असतात, तुमच्या, माझ्या, या डॉक्टरांच्या. धुराने छातीची झाडलोट मंदावते, म्हणून काहींची गर्दी होते. त्यांना मारायची गोळी आम्ही देणार नाही. झाडलोट सुरळीत व्हावी म्हणून धूर कमी करायचा आणि पंप घ्यायचा. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग न्हाणीघर दाखवायला घेऊन गेल्या. मुलाने भिंतीला वर दोन विटा काढून झरोका केलाय, आणि लाकडं आता आढ्याखाली वाळत ठेवलेली, ओली वापरत नाहीत. पंप घेताना त्या श्वास फार भरभर ओढत होत्या. ताईंनी स्पेसर धरून सावकाश घ्यायला शिकवलं, आतला श्वास दहा मोजेपर्यंत धरायला लावला आणि नंतर चूळ भरायला. चूळ त्या भरत नव्हत्या. स्टिरॉइडच्या पंपानंतर ती न भरल्यास तोंडात बुरशी धरते.

शेजारच्या दोन घरांतही झरोके पाडायचं ठरलं. गवंडी त्याच गल्लीतला.

२ एप्रिल

रविवारी पाडवा झाला, गुऱ्हाळं आवरत आली. निपाणीच्या जळव्याची फुंकणी आणि हवा रक्तात शिरण्याची चाचणी डॉक्टरांनी पुन्हा केली. गंजीचं काम सोडल्यापासून ताप आला नाही, चढावर धाप कमी, दोन्ही चाचण्या आधीपेक्षा बऱ्या. काम तेच, चुलवाणाचंच. फक्त चिपाड उपसून त्याच्यापर्यंत आणायला दुसरा माणूस, मास्क लावून. झोपायला मालकांनी घराच्या सोप्यात जागा दिली.

या एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि शोधनिबंधात तो एका ओळीचाच असेल. पण पुढच्या हंगामासाठी आराखडा यामुळे बदलला: सीओपीडीसोबत चिपाडाच्या धुळीचा वेगळा गट, प्रत्येक गुऱ्हाळावर गंजीचं तापमान आणि ओल मोजायची, आणि लोकांना विचारायचा पहिला प्रश्न 'खोकला आहे का' असा न ठेवता 'काम बंद असतं त्या दिवशी छाती कशी असते' असा. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आणि गंजी उपसल्याच्या दिवशी अशी दोनदा फुंकणी. निधीच्या अर्जात त्यासाठी दुसरं स्पायरोमीटर मागितलंय.

मालकांनी विचारलंय की या वर्षीच्या गंजीला ताडपत्री कितीची घ्यायची आणि खाली लाकडं किती उंच. पावसाआधी जाऊन त्यांच्याबरोबरच गंजी रचायची आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ताई, टेक्निशियन आणि मी.